शांत दिवसांची नोंद

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे साडेचारच्या जरा आधी कोयनानगर हादरलं, तेव्हा धरणाच्या पोटातल्या एका गॅलरीत कंपनमापक बसवलेला होता. गावात घरं कोसळत होती, पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या पहाटे गेली, आणि त्याच काही सेकंदांत धरणाला बसलेला हिसका न् हिसका ते यंत्र लिहून ठेवत होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेने सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट निघाला. धरण बांधताना हिशेबात धरलेला आकडा होता ०.०५. भिंतीला आडव्या भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं. पुढे त्याला मजबुती देताना कुणाला अंदाजपंचे बोलावं लागलं नाही, कारण काय घडलं ते लिहिलेलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या त्या दरीतली नोंद जगभरचे धरण-अभियंते आजही अभ्यासतात. भारताचा भूकंपाचा नकाशाही त्यानंतर बदलावा लागला.

माझं नोकरीतलं सगळं आयुष्य यंत्रांची थरथर मोजण्यात गेलं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. कॉम्प्रेसर असो, पंप असो की ब्लोअर, महत्त्वाच्या प्रत्येक मशीनच्या बेअरिंगवर व्हायब्रेशन प्रोब. नवीन मशीन बसलं की ते ठणठणीत असतानाच रीडिंग घ्यायचं आणि फाइलला लावायचं, हा नियम. दहा वर्षांनी मशीन कुरकुरायला लागलं की पहिली ती फाइल उघडायची. आजचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. पहिल्या दिवशी किती होता ते शेजारी ठेवलं की मग कळतं, बिघाड कुठवर आलाय आणि मशीन कधी थांबवायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसने कळव्याच्या पुलावरून ठाण्यात परतायचो आणि नौपाड्यातल्या ज्या इमारतीत शिरायचो, तिचं असं रीडिंग कुणी कधी घेतलेलं नव्हतं. पंपाला जे मिळत होतं ते माणसं झोपतात त्या घराला मिळत नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

ठाण्यात कसला आलाय भूकंप, असं लोक म्हणतात. भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात ठाणे, मुंबई आणि नवी मुंबई तिसऱ्या पट्ट्यात होती. हिमालयाइतका धोका नाही, पण दुर्लक्ष करावं इतका कमीही नाही. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०१४ पर्यंत, तो आपलाच जिल्हा होता. तिथले धक्के फार मोठे नव्हते, तरी ऐन थंडीत लोक लेकराबाळांना घेऊन तंबूत झोपले. आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशावर विसंबून निर्धास्त झोपण्याचा अधिकार महाराष्ट्राला तेव्हापासून उरलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००१ च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी पावणेनऊला भुजचा भूकंप झाला तेव्हा आम्ही काही जण सोसायटीच्या आवारात झेंड्यापाशी उभे होतो. खाली कुणाला काही जाणवलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकू मात्र जिना उतरून आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. "पंखा हलतोय हो, बंद पंखा!" इतकंच त्या म्हणत होत्या. दुपारी टीव्हीवर अहमदाबाद दिसलं. केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या त्या शहरात बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी आमच्यासारख्याच होत्या. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर विटांच्या भिंतींनी भरलेले चार मजले. वरचं ओझं ताठ आणि खालचे पाय मोकळे. धक्का आला की सगळी मोडतोड त्या मोकळ्या मजल्यावर येऊन पडते. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, वाशी, नेरूळ, कुठेही फिरा, अशा इमारती रांगेने दिसतील. काही ठिकाणी स्टिल्टच्या, म्हणजे त्या मोकळ्या पार्किंगच्या, जागी दुकानं आहेत, आणि दुकान मोठं करायला मधली भिंत पाडलेली आहे.

आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आलं तेव्हा मी सेक्रेटरीला म्हटलं, या वेळी मी सोबत फिरणार. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी करायचं असतं. पुष्कळ सोसायट्यांत ते कागदापुरतं उरकलं जातं. आमच्याकडे आलेली स्ट्रक्चरल इंजिनीअर माझ्या मुलीच्या वयाची होती आणि कागदापुरतं काम करणाऱ्यातली नव्हती. डक्टच्या बाजूच्या कॉलमचं प्लास्टर तिने थोडं उडवून घेतलं, काँक्रीटचा ताजा छेद ब्रशने साफ केला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. आतला भाग क्षणात गर्द गुलाबी झाला. बाहेरची दोन बोटं जाडी तशीच राखाडी राहिली. "काका, गुलाबी आहे तिथवर काँक्रीट सळईला सांभाळतंय," ती म्हणाली. "राखाडी झालं तिथला अल्कलीपणा हवेने खाल्ला. आणि हे बघा." तिने दाखवलं तिथे राखाडी भाग सळईला जेमतेम टेकलेला होता. पलीकडच्या कॉलममध्ये तो सळईच्या मागे गेला होता आणि सळईवर तांबूस पापुद्रे सुटत होते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून आतून दाब येतो आणि काँक्रीट फुटतं. छताचे पोपडे पडतात तेव्हा आपण रंगाऱ्याला बोलावतो. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत हे सगळं आणखी लवकर होतं.

तिने काँक्रीटचा कठीणपणा बघणारा रीबाउंड हॅमर मारला, अल्ट्रासॉनिकने कॉलममधून ध्वनिलहरी पाठवल्या. लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर धावली तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आली तर शंका. आमचे बहुतेक कॉलम मधल्या गटात आले. पण या सगळ्या चाचण्या एकेका जागेच्या. अख्खी इमारत एकत्र कशी हलते हे त्यातून समजत नाही. मी तिला कारखान्यातलं सांगितलं आणि विचारलं, इमारतीचं व्हायब्रेशन रीडिंग घेता येईल का? ती हसली. "काका, मी एम.टेक.ला तेच केलंय. पण सोसायट्यांमध्ये कुणी मागत नाही."

मग एका रविवारी ती ओळखीच्या प्रयोगशाळेतून ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे बारीक कंपनं टिपणारे सेन्सर, घेऊन आली. एक तळमजल्यावर कॉलमच्या पायाशी, दोन गच्चीवर समोरासमोरच्या कोपऱ्यांत. दोन कोपऱ्यांत अशासाठी, की इमारत नुसती डुलते की पिळतेही, ते कळावं. गच्चीच्या जिन्यात लॅपटॉप मांडून आम्ही बसलो. पडद्यावर आधी एक अणकुचीदार सुळका दिसला, सेकंदाला ४८ कंपनांवर. तो मी लगेच ओळखला. मिनिटाला २,८८० फेरे, म्हणजे टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाची मोटर. वॉचमनला पंप बंद करायला सांगितला आणि सुळका गेला. मधेच ठाणे स्टेशनकडे एक फास्ट लोकल गेली आणि सगळा आलेख जाड होऊन पुन्हा बारीक झाला. मग बराच वेळ काही नाही. वारा, लांबची वाहतूक, कुणाचं तरी चालणं, इतकंच. त्या शांततेतून हळूहळू एक ठसठशीत उंचवटा वर आला, सेकंदाला तीनच्या जरा पुढे. ती आमची इमारत होती. मायक्रॉनमध्ये मोजावी लागेल इतक्या अंतरात ती सेकंदाला तीनदा डुलत होती, आणि बांधली तेव्हापासून डुलत आलेली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

झोपाळ्याला स्वतःचा असा एक ताल असतो, त्या तालात हलकासा धक्का देत राहिलं की तो उंच जातो. इमारतीचंही तेच. तिचा ताल ठरतो तिच्या वजनावर आणि ताठपणावर. ढोबळ मानाने दहा मजली इमारतीला एक झोका पुरा करायला सेकंदभर लागतो. आमच्यासारखी बुटकी इमारत लवकर झोके घेते, घोडबंदर रोडवरचे टॉवर सावकाश. जमिनीच्या हिसक्यांचा ताल आणि इमारतीचा ताल जुळला की हानी वाढते. २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला तेव्हा सुमारे ७७० किलोमीटर दूर ओसाकातली ५५ मजली सरकारी इमारत शेंड्याला मीटरभराहून जास्त डुलली होती, ती यामुळेच.

ताल कमी झाला, म्हणजे ताठपणा गेला. ताठपणा त्या आकड्याच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कंपनांचा आकडा दहा टक्क्यांनी उतरला तर ताठपणा एकोणीस टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो. कॉलमला भेग गेली, कुणी भिंत पाडली, सांधे सैल झाले, तर ते या आकड्यात उतरतं. डोळ्याला दिसायच्या आधीही उतरू शकतं. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला कॅल्टेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात एक नऊ मजली इमारत आहे. पूर्वी ती मिलिकन लायब्ररी होती, २०२१ पासून तिचं नाव कॅल्टेक हॉल. १९६० च्या दशकात ती बांधून झाल्यापासून तिचा ताल मोजला जातोय. भूकंपांनी तिचा ताल टप्प्याटप्प्याने उतरत गेला. पहिल्या चार दशकांत पूर्व-पश्चिम दिशेने २२ टक्के आणि उत्तर-दक्षिण दिशेने १२ टक्के. इमारत वापरात आहे. तिथेच हेही दिसलं की जोराचा पाऊस झाला तरी आकडा थोडा सरकतो, वारा आणि उन्हाळ्यानेही सरकतो. म्हणून एका रविवारचं रीडिंग पुरत नाही. पावसाळ्यातलं, हिवाळ्यातलं, एप्रिलच्या काहिलीतलं, अशी निदान वर्षभराची नोंद हवी. नाहीतर जुलैत भिंती ओल्या झाल्या म्हणून आकडा हलेल आणि आपण उगाच घाबरू, किंवा खरंच काही बिघडेल आणि आपण पावसावर ढकलून देऊ.

या यंत्राला काय कळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. ते ताठपणा सांगतं, ताकद नाही. बीम-कॉलमच्या सांध्यात उभ्या-आडव्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा किती जवळ आहेत, त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवली आहेत की नुसती काटकोनात मुरडली आहेत, यावर मोठ्या भूकंपात जीव वाचणं अवलंबून असतं, आणि ते सेन्सरला दिसत नाही. या तपशिलांचं भारतीय मानक, आयएस १३९२०, आलं १९९३ मध्ये. आमची इमारत त्याच्या आधीची आहे. त्यासाठी जुने आरसीसी ड्रॉइंग शोधावे लागतात, काही ठिकाणी कॉलम उघडून बघावे लागतात, आणि मग जॅकेटिंगचा, म्हणजे कॉलमभोवती नवा मजबूत थर चढवण्याचा, खर्च करावा लागतो. सेन्सर बसवला म्हणजे इमारत सुरक्षित झाली, असं कुणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

खाडीपलीकडच्यांनी जमिनीकडेही बघावं. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली या पट्ट्यात खाडीकाठची जमीन भरणीची, खाली मऊ सागरी चिकणमाती. मऊ जमीन काय करू शकते ते १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत दिसलं होतं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. पण शहराचा मध्यभाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. तो गाळ साधारण दोन सेकंदांना एक झोका अशा तालात हलत राहिला आणि त्या तालाच्या जवळपासच्या, सहा ते पंधरा मजली इमारती सर्वाधिक पडल्या. नवी मुंबईची माती मेक्सिकोसारखीच वागेल असं मी म्हणत नाही. पण एक कंपनमापक खडकावर आणि एक गाळावर असे जोडीने ठेवले तर ती कशी वागते ते छोट्या धक्क्यांतूनच समजू लागेल. पारसिकचा डोंगर शेजारीच आहे, खडक शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता फोनवर येणाऱ्या इशाऱ्याबद्दल थोडं. अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा देणारी सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ती चांगलीच आहे. शंभर किलोमीटरवरून निघालेल्या मोठ्या लहरींना आपल्यापर्यंत यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, तेवढ्यात टेबलाखाली जाता येतं, गॅस बंद करता येतो. पण त्या अर्ध्या मिनिटानंतरचा प्रश्न वेगळा असतो, आणि मला तो जास्त छळतो.

धक्का थांबला. सगळे खाली आवारात उभे आहेत. कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर मूल, वरच्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून आणलंय. भिंतीवर भेगा दिसताहेत. त्या नुसत्या प्लास्टरच्या की आतल्या? वर जायचं की नाही? आजींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे. शहरात हजारो इमारतींखाली त्याच वेळी हाच प्रश्न विचारला जात असणार, आणि उत्तर देऊ शकतील असे इंजिनीअर हाताच्या बोटांवर. ते येईपर्यंत दिवस जातील. अशा वेळी मजल्यामजल्यावर कंपनमापक असतील तर काही मिनिटांत एवढं तरी कळतं, की एक मजला दुसऱ्याच्या तुलनेत किती सरकला. डिझाइनच्या नियमाने ही मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. सरकणं तीन-चार मिलिमीटर भरलं आणि इमारतीचा ताल पहिल्यासारखाच असेल, तर निदान औषध आणायला जाता येईल. पन्नास मिलिमीटर भरलं, तर कुणी कितीही आर्जवं केली तरी जिन्यात पाय टाकू द्यायचा नाही. अंतिम शब्द इंजिनीअरचाच, पण त्याने आधी कुठल्या इमारतीकडे धावायचं हे तरी ठरतं. आणि त्यासाठी पहिल्यासारखाच म्हणजे किती, हे आधी लिहिलेलं हवं. भूकंपानंतर ते रीडिंग घेता येत नाही.

लॉस एंजलिसने १९६५ सालीच उंच इमारतींना तळात, मध्यावर आणि गच्चीवर असे तीन कंपनमापक बसवायला लावले होते. आपल्याकडे उंच इमारतींचं जे मानक २०१७ मध्ये आलं, आयएस १६७००, त्यात फार उंच इमारतींसाठी कंपनमापकांचा विचार आहे. टॉवरवाल्यांची सोय होईल. मला चिंता आहे ती चार-पाच मजल्यांच्या, तिशी उलटलेल्या, सिंकिंग फंडात खडखडाट असलेल्या इमारतींची. आणि त्याहूनही जास्त, ज्यांना सोसायटीच नाही अशांची. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये एक बेकायदा इमारत बांधता बांधताच कोसळली. ७४ माणसं गेली. तिथे भूकंप झालेला नव्हता. असल्या बांधकामांना सेन्सर नको, ती मुळात उभीच राहता कामा नयेत. किसननगर, मुंब्रा, दिवा, कळवा इथल्या दाटीत मात्र लाखो माणसं आज राहताहेत आणि क्लस्टर पुनर्विकासातली नवी इमारत मिळेपर्यंत राहणार आहेत. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची सी-१, सी-२ ए, सी-२ बी, सी-३ अशी यादी करते. त्या यादीतल्या सी-२ वाल्या, म्हणजे दुरुस्ती लागणाऱ्या, इमारतींवर दोन-दोन दिवस फिरते ॲक्सेलेरोमीटर ठेवून ताल मोजून घ्यायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. अभियांत्रिकी कॉलेजांची पोरं हे काम आनंदाने करतील. मी स्वतः त्यांच्याबरोबर जिने चढायला तयार आहे.

आमच्या सर्वसाधारण सभेत विरोध झाला, तो पैशावरून कमी आणि भीतीने जास्त. एक जण म्हणाले, आकडा खराब आला तर फ्लॅटला भाव कोण देणार? दुसऱ्यांना वाटलं, हे सगळं बिल्डर आणण्यासाठी चाललंय. उद्या हाच रिपोर्ट दाखवून आम्हाला घराबाहेर काढतील. तळमजल्यावरचे दुकानदार गप्प होते. मधली भिंत त्यांनीच पाडलेली आहे. या भीतीला मी क्षुल्लक म्हणणार नाही. माणसाची आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत असते, आणि रिपोर्ट कुणाच्या हातात जातो यावर त्याचा उपयोग ठरतो. माझं म्हणणं इतकंच होतं की मग तो कुणा एकाच्या हातात जाऊच नये. रीडिंग झालं की त्याच संध्याकाळी प्रत्येक सभासदाला, भाडेकरूंनाही. मूळ फाइल सोसायटीच्या दप्तरात, एक प्रत इंजिनीअरकडे. नव्या कमिटीने जुन्या कमिटीकडून चाव्या घेताना ती फाइलही सही करून घ्यावी.

बरीच वादावादी होऊन ठराव झाला. गंजलेल्या दोन कॉलमचं काम आधी, ते झाल्यावर पुन्हा रीडिंग, म्हणजे दुरुस्तीने ताठपणा परत आला का ते दिसेल. पावसाळ्यातलं रीडिंग ऑगस्टमध्ये आणि भिंती सुकल्यावरचं दिवाळीनंतर. मूळ ड्रॉइंगची प्रत मिळवायला महापालिकेत अर्ज द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. दुकानदारांनी भिंतीच्या जागी काय करता येईल याचं डिझाइन इंजिनीअरकडून मागवलंय. खर्च कुणी किती उचलायचा यावर अजून एकमत नाही. पुढच्या सभेत तोच विषय पहिला आहे.